कुंकवाचा ठिपका आणि चपलेचा सोल

“चप्पलमा काहीच नही शे ताई, पण पाय टेका का खडा टोचस.”

कापूस वेचणीचे दिवस होते. अमळनेर तालुक्यातल्या आपल्या गावाहून सकाळची पहिली एसटी धरून मावशी जळगावला आल्या होत्या. दोन-तीन महिने त्या रोज चप्पल काढून झटकत होत्या, पतावा चाचपून बघत होत्या, पण खडा काही सापडत नव्हता. कुणी तरी सांगितलं म्हणून बाजारातून मऊ ‘डॉक्टर चप्पल’ आणली. चार दिवस बरं वाटलं, मग खडा परत टोचायला लागला.

मी त्यांचा उजवा पाय हातात घेतला. चवड्याखाली, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, रुपयाच्या नाण्याएवढा पिवळट घट्टा होता. दाबल्याबरोबर त्यांनी पाय ओढून घेतला. त्या घट्ट्यावर मी ओल्या कुंकवाचा ठिपका लावला, चपलेत कोरा कागद ठेवला आणि त्यांना चार पावलं चालायला सांगितलं. कागद काढला तर लाल ठिपका त्यावर उमटलेला. दुखणारी जागा चपलेत नेमकी कुठे येते ते आता कळलं. टोचणारा खडा म्हणजे त्यांच्याच पायातल्या हाडाचं गोल टोक होतं.

पायाच्या तक्रारींसाठी बूट-चपलांचे सोल बदलून द्यायचे हे माझं रोजचं काम आहे. या कामात औषध नाही, सुई नाही. रबराचा अर्धा इंचाचा तुकडा योग्य जागी बसला तर माणूस पुन्हा शेतात उभा राहतो, आणि तोच तुकडा बोटभर पुढे बसला तर दुखणं दुप्पट होतं. हे असं का होतं ते घरोघरी कळावं असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे लोक पायाचं दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढतात.

आधी थोडा हिशोब. एका पायात २६ हाडं असतात. चालताना टाच आधी टेकते, मग भार तळव्याच्या बाहेरच्या कडेने पुढे सरकतो आणि शेवटी चवड्यावर येतो. टाच उचलली जाते तेव्हा दुसरा पाय अजून हवेतच असतो, त्यामुळे सगळं वजन एका चवड्यावर असतं. वेगाने चालताना तर ते वजनापेक्षाही थोडं जास्त भरतं. समजा, ५० किलोची बाई आहे आणि तिच्या चवड्याची टेकणारी जागा ५० चौरस सेंटिमीटर आहे. भार सगळीकडे सारखा पसरला तर एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो येईल. पण एकच हाड खाली उतरलेलं असेल आणि निम्मा भार त्याच्याखालच्या पाच चौरस सेंटिमीटरवर पडत असेल, तर तिथे पाच किलो. वजन तेच, बाई तीच, दाब पाचपट. दिवसाला ८,००० पावलं चाललं तर एकेका पायाला ४,००० वेळा हा दाब बसतो. डोक्यावर कापसाचं गाठोडं किंवा खांद्यावर रावेर-यावलकडचा केळीचा घड असला की ते वजनही त्याच जागेवर येतं.

मऊ चपलेने मावशींना का भागलं नाही ते आता लक्षात येईल. मऊ पतावा धक्का सोसतो, पण भार जिथे पडायचा तिथेच पडत राहतो. फार मऊ स्पंज असेल तर हाड चार दिवसांत त्याला आरपार दाबतं आणि खाली कडक सोलला जाऊन टेकतं. सोलमधला खरा बदल म्हणजे भाराची जागा बदलणं. दुखणाऱ्या जागेवरून भार उचलायचा आणि जी जागा सोसू शकते तिच्यावर ठेवायचा.

चवड्याच्या दुखण्यात हे करायची एक जुनी रीत आहे. हाडांच्या गोल टोकांच्या मागे, म्हणजे टाचेच्या बाजूला, चपलेच्या तळाला रबराची आडवी पट्टी चिकटवायची. पट्टी साधारण सहा मिलिमीटर जाड, दोन्ही कडा उतरत्या. पाय पुढे झुकला की भार आधी पट्टीवर येतो. हाडांचा मधला दांडा तो सोसतो आणि टोकांना उसंत मिळते. हेच काम पताव्याखाली घातलेली थेंबाच्या आकाराची उशीही करते. लोकांना, आणि अनेक कारागिरांनाही, वाटतं की उशी दुखतं तिथेच ठेवायची. मीही सुरुवातीला एका भाऊंच्या बुटात तीच चूक केली होती. उशी दुखऱ्या जागेच्या मागे हवी होती, ती सरळ तिच्याखाली गेली. आठवड्याने ते लंगडत परत आले. त्या दिवसापासून मी कुंकवाचा ठिपका लावल्याशिवाय एकही उशी चिकटवलेली नाही.

मावशींना पट्टी दिली नाही, रॉकर सोल दिला. रॉकर म्हणजे तळ पुढच्या बाजूला वर वळवलेला, चाकाच्या तुकड्यासारखा सोल. बैलगाडीचं चाक जमिनीवर टेकतं तिथे वाकत नाही, नुसतं लोळत पुढे जातं. रॉकर सोलची बूट-चप्पलही तशीच चवड्यात न वाकता पुढे लोळते. सोल वाकत नाही म्हणून बोटांचे सांधेही वाकत नाहीत. टाच उचलताना सगळा भार चवड्याच्या टोकांवर येण्याआधीच पाऊल पुढे निघून गेलेलं असतं. अंगठ्याचा सांधा झिजून आखडलेला असतो, पाऊल टाकताना अंगठा वर वळवला की जीव जातो, अशा माणसाला यानेच सर्वांत जास्त आराम मिळतो.

रॉकरचं सगळं यश वळण सुरू होतं त्या रेषेवर अवलंबून आहे. ती रेषा हाडांच्या टोकांच्या किंचित मागे हवी. पुढे गेली तर चवडा तिच्यावरच दाबला जातो. फार मागे आली तर माणसाला पुढे ढकलल्यासारखं होतं आणि तोल जातो. दुसरी अट अशी की सोल कडक हवा. बुटाचं टोक आणि टाच दोन हातांत धरून वाकवून बघा. मधून वाकला तर रॉकर नुसता दिसायला आहे. म्हणून आतमध्ये कडक पट्टी घालावी लागते. तिसरी गोष्ट उंचीची. रॉकरने सोलची जाडी वाढते, त्यामुळे दुसऱ्या पायाची चप्पलही तेवढीच उंच करावी लागते. नाहीतर पाय बरा होतो आणि कंबर धरते.

आपल्या भागाचा म्हणून एक अनुभव सांगते. रॉकर सपाट रस्त्यावर उत्तम चालतो. नांगरलेल्या रानातल्या ढेकळांवर तो डगमगतो, आणि पावसाळ्यात काळी माती तळाला थापली गेली की त्याचं वळणच बुजून जातं. म्हणून शेतात राबणाऱ्या माणसाला मी वळण सौम्य देते आणि दोन्ही कडांनी सोल थोडा रुंद ठेवते. ज्यांचा तोल मुळातच कच्चा आहे अशा म्हाताऱ्या माणसांना रॉकर द्यायच्या आधी मी दहादा विचार करते. पडून खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा चवडा थोडा दुखलेला परवडला.

आतापर्यंत सांगितलं ते दुखणाऱ्या पायाचं. मला खरी काळजी वाटते ती न दुखणाऱ्या पायाची.

“काटा मोडना तरी समजत नही,” असं कुणी सांगितलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. कुष्ठरोगातही तेच होतं. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांचे पाय बारकाईने अभ्यासून दाखवलं की त्यांचं मांस आपोआप झडत नाही. वेदना कळत नाही म्हणून साधं चालणंही जखम करतं. तुमचा-माझा पाय एका जागी दुखायला लागला की आपण नकळत पाऊल जरा वेगळं टाकतो, चप्पल काढतो, खाली बसतो. बधिर पायाचा माणूस त्याच जागेवर हजारो पावलं टाकत राहतो. आधी घट्टा जाड होतो, मग घट्ट्याच्या आत रक्त साकळतं, आणि एक दिवस मोजा ओला लागतो.

घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. साखरेच्या माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबायचं नाही, टकटक करायचं नाही. स्पर्श कळला की त्याने सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर तो पाय धोक्यात आहे असं समजून डॉक्टरकडे जायचं. या तपासणीला एक पैसाही लागत नाही.

अशा पायासाठी आपल्या देशात फार वर्षांपासून एमसीआर वापरतात. मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे आत बारीक बंद बुडबुडे असलेलं रबर. साध्या स्पंजसारखं ते चपटं होऊन बसत नाही, दाबलं की परत वर येतं. वर एमसीआरचा पतावा आणि खाली काट्याखिळ्याला दाद न देणारा कडक सोल, अशी ही जोडी असते. फक्त एमसीआर घातलं आणि खाली कडक थर नसला, तर बाभळीचा काटा सरळ पायात जातो. अशा चपलेत खिळा एकही नको, सगळं सोल्यूशनने चिकटवायचं. खिळा झिजून वर आला तर बधिर पायाला पत्ताही लागत नाही. अंगठ्याची चप्पलही नको. ती पायातून निसटून पडली तरी कळत नाही, आणि अंगठ्याजवळचा पट्टा बोटांच्या बेचक्यात घासत राहतो. टाचेमागे पट्टा आणि वर वेल्क्रो, असा सँडल बरा. बधिर पायाच्या कुष्ठरुग्णांना एमसीआर चपला सरकारी आरोग्य यंत्रणेतून मोफत मिळतात. ज्यांना गरज आहे त्यांनी त्या आवर्जून मागाव्यात, यात लाजण्यासारखं काही नाही.

एवढं करूनही जखमा होतात, आणि त्याचं कारण मला घराच्या उंबऱ्यावर सापडतं. आपण चप्पल बाहेर काढतो. डॉक्टरकडे जाताना माणूस दोन हजारांची चप्पल घालतो, आणि ओटा, न्हाणी, गोठा, गच्ची असा दिवसभराचा निम्मा वावर अनवाणी करतो. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावची फरशी आणि डांबर इतकं तापतं की बधिर पायाला फोड येतात आणि ते रात्री चादरीवर डाग दिसल्यावर कळतं. म्हणून मी दोन जोड करायला सांगते. एक बाहेरचा आणि एक फक्त घरातला, ज्याचा सोल कधी रस्त्याला लागलेला नाही. आजीबाईंना हे पटतं. देवघराजवळ तो काढायचा आणि परत घालायचा, एवढीच तडजोड. चैत्रात सप्तशृंगी गडावर खान्देशातून पायी जाणाऱ्यांत साखरेचे रुग्णही असतात, आणि त्यांतले काही नवस म्हणून अनवाणी निघतात. त्यांना मी हात जोडून सांगते, पायात चप्पल घालून जा. आणि रोज रात्री तळवा आरशात बघा, घरातल्याला हात लावून बघायला सांगा. एका पायाची एखादी जागा दुसऱ्या पायाच्या त्याच जागेपेक्षा दोन अंश सेल्सियसहून जास्त गरम लागली तर आत काही तरी पेटलेलं असतं. त्या दिवशी चालणं थांबवायचं.

टाचदुखीवर फार लिहीत नाही. सकाळी उठल्यावर पहिली पाच-दहा पावलं टाकताना कळ येते, मग हळूहळू बरं वाटतं, ही तिची खूण. लोक एक्स-रे घेऊन येतात आणि म्हणतात, टाचेचं हाड वाढलंय. ते टोक दुखणं नसलेल्या पुष्कळ लोकांच्या टाचेतही दिसतं, त्यामुळे त्याला घाबरू नका. टाचेच्या मागच्या कोपऱ्यात मऊ रबराची पाचर बसवली की टेकतानाचा धक्का ती सोसते. पताव्यात कमानीला आधार दिला की तळव्याचा पडदा, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला चिवट पट्टा, कमी ताणला जातो. त्याबरोबर भिंतीला हात टेकून पोटरी ताणायचा व्यायाम रोज करायचा. व्यायामाशिवाय नुसत्या सोलने ही टाच सुटत नाही.

पाऊल आत किंवा बाहेर कलतं तेव्हा टाचेला एका बाजूने जाडी देतात. यातला सर्वांत प्रसिद्ध प्रकार थॉमस हील. ह्यू ओवेन थॉमस हे एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलमध्ये काम करणारे डॉक्टर. त्यांचं घराणं वेल्समधल्या हाडवैद्यांचं, वडील हाडं बसवायचे. त्यांच्या या टाचेची आतली कड अर्धा इंच पुढे वाढवलेली आणि थोडी उंच असते, म्हणजे आत कोसळणारी कमान तिच्यावर टेकते. घोटा वारंवार मुरगळत असेल तर टाचेची बाहेरची कड पाव इंच रुंद करतात, तिपाईचे पाय फाकवल्यावर ती घट्ट उभी राहते तसं. गुडघेदुखीसाठी सोलची बाहेरची बाजू उंच करून द्या अशी मागणी घेऊन बरेच जण येतात. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता, पण प्रत्यक्षात त्याचा फायदा फारसा दिसला नाही. अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात तशा पाचरी सहसा देऊ नयेत असंच म्हटलंय. त्यामुळे मी त्या देत नाही.

लहान मुलांच्या सपाट पायाबद्दल आयांना एकच सांगायचंय. मूल टाचा उचलून चवड्यावर उभं राहिलं आणि कमान दिसली, पाय दुखत नसेल, तर महागडे बूट घेऊ नका. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातल्या २,३०० मुलांच्या पाहणीत बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचं प्रमाण ८.६ टक्के होतं, आणि कधीच न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. अंगणात, मातीत अनवाणी खेळणं हा त्या वयात कमानीचा व्यायामच आहे.

पोलिओमुळे एक पाय आखूड राहिलेली माणसं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, पण या पिढीचा पाय आखूड तो आखूडच. फरक एक सेंटिमीटरपर्यंत असेल तर टाचेखाली बुटाच्या आत भर घालता येते. त्याहून जास्त असेल तर आतून टाच वर निघते, बूट सुटतो, म्हणून बाहेरून पूर्ण सोल उंच करावा लागतो. टाचेखाली सर्वांत जास्त उंची, पुढे उतरती आणि टोकाला रॉकरचं वळण. इथे घाईत एक चूक होते, ती म्हणजे फरक अगदी पूर्ण भरून काढायची. पोलिओचा पाय उचलायला कमजोर असतो. तो साधारण एक सेंटिमीटर आखूडच ठेवला तर पाऊल जमिनीला न अडखळता पुढे जातं. शिवाय वर्षानुवर्षं वाकडेपणाची सवय झालेली कंबर एकदम सरळ केली की दुखते, म्हणून उंची टप्प्याटप्प्याने वाढवायची. साहित्य हलकं हवं. जड टायरचा थर चिकटवून दिलेला बूट घेऊन एक भाऊ माझ्याकडे आले होते. उंची अचूक होती, पण संध्याकाळपर्यंत तो पाय ओढून त्यांची मांडी भरून यायची.

हे काम करून घ्यायला पुण्या-मुंबईलाच जायला हवं असं नाही. मोजमाप आणि नेमकी जागा ठरवायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेला ऑर्थोटिस्ट, म्हणजे हातापायांना आधार देणारी साधनं बनवणारा तज्ज्ञ, किंवा अस्थिरोगतज्ज्ञ हवा. कापणं, घासणं, चिकटवणं हे आपल्या गावातले चप्पल-बूट बनवणारे कारागीर माझ्याहून सफाईने करतात. रापीच्या एका फटक्यात त्यांनी उतरती कड काढलेली मी रोज बघते. त्यांच्या हातात जागेची खूण केलेला सोल द्या, काम सुरेख होतं. जाताना जुनी झिजलेली चप्पल बरोबर न्या, ती धुऊ किंवा फेकू नका. टाच मागून बाहेरच्या कडेला थोडी झिजली असेल तर ते सगळ्यांचंच असतं. आतली कड झिजली असेल, एकच चप्पल झिजली असेल, पताव्यावर एखाद्या बोटाखाली खड्डा पडला असेल, तर निम्मं निदान तिथेच होतं. नवी चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. कागदावर उभं राहून पायाची कड पेन्सिलने आखा, कागद कापा आणि चपलेत ठेवून बघा. कागद दुमडला तर ती चप्पल तुमची नाही.

बदललेला सोल पहिल्या दिवशी तासभरच घालायचा. दुसऱ्या दिवशी दोन तास. प्रत्येक वेळी काढल्यावर तळवा बघायचा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर घालणं थांबवून परत यायचं. पाय बधिर असेल तर हा नियम दुप्पट कडक पाळायचा.

मावशी तीन आठवड्यांनी परत आल्या. कागदावरचा कुंकवाचा ठिपका या वेळी फिकट उमटला होता, कडेने धूसर. घट्टा मी तासून दिला होता तो पुन्हा फारसा जमला नव्हता. रॉकरच्या वळणाची बाहेरची कड मात्र वेचणीच्या सऱ्यांमध्ये घासून गेली होती. तिथे मी कडक रबराचा तुकडा लावून दिला. निघताना त्यांनी पिशवीतून आणखी एक जोड काढला, घरात घालायचा साधा रबरी जोड, आणि टेबलावर ठेवून म्हणाल्या, “याले बी तसंच करी दे.”